ईशान्य गटाचा अपुरा इतिहास

आई गेली त्या वर्षी, २०१४च्या सप्टेंबरात, अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आयर्लंडला, एनिसला आले. तीन महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा होता. मी इथल्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनची रजिस्ट्रार, म्हणजे डॉक्टर. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं ऑफिस डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला, त्यामुळे आठवड्याचे चार दिवस तो तिकडेच एका मित्राच्या घरी राहायचा. दिवसभर घरात अण्णा एकटे. मी सकाळी पोळीभाजी करून जायची आणि संध्याकाळी परत आले की ताट झाकलेलं तसंच असायचं.

"भूक न्हवती गं," एवढंच म्हणायचे.

खिडकीशी खुर्ची ओढून ते रस्त्याकडे बघत बसायचे. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नसायचं. समोरच्या घराची कुंपणाची झाडं, कधी एखादी गाडी, आणि पाऊस.

अण्णा सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून होते, पण आमच्या भागात त्यांना ओळखायचे ते कबड्डीचे पंच म्हणून. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढे बसून कितीतरी गावांची मैदानं पाहिली आहेत. गळ्यात शिट्टी असायची, पण ती ते फारशी वाजवत नसत. त्यांचा आवाजच पुरायचा. "बाऽद!" म्हणून हात वर गेला की भांडायला आलेले कप्तानही मागे फिरायचे. आई गेल्यापासून तो आवाज पार बसला होता. घशाला काही झालेलं नव्हतं. मी तपासलं होतं.

आमच्या भिंतीला लागून एक म्हातारे गृहस्थ राहायचे. मूळचे इथल्याच, क्लेअर परगण्यातले, पण कोवळ्या वयात अमेरिकेला गेलेले. तिकडे पार ईशान्येला, कॅनडाच्या सीमेजवळच्या एका लहान गावात, कागदाच्या गिरणीत त्यांनी आयुष्य काढलं. बायको वारल्यावर इथे बहिणीकडे परत आले, आणि दोन-तीन वर्षांत बहीणही गेली. एकुलती एक मुलगी तिकडेच. आमची ओळख म्हणजे फाटकाशी भेट झाली की "कशी आहेस?" "ग्रँड." मग हवेबद्दल एक वाक्य, आणि आपापल्या घरात.

एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आले तर घरात अण्णा नव्हते. खुर्ची रिकामी. कोट खुंटीला. त्यांना इथे रस्ते माहीत नव्हते, फोन ते घरीच विसरायचे. मी दार उघडून बाहेर धावले आणि थबकले. शेजारच्या घरातून अण्णांचा आवाज येत होता. मैदानावरचा आवाज.

"ए! सोडा त्येला! बाहेर! दोघंबी बाहेर!"

मी धावत आत गेले. टीव्हीसमोर अण्णा उभे होते आणि त्यांचा हात ताठ दाराकडे गेलेला. पडद्यावर बर्फाच्या मैदानात दोन दांडगे खेळाडू हातमोजे फेकून देऊन एकमेकांना ठोसे लगावत होते. आणि शेजारचे आजोबा सोफ्यावर ओणवे होऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"अगं, मारामारी चाललीया आन् पंच नुसता बघत हुबा हाय!" अण्णा मला म्हणाले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते.

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. रोज खिडकीत बसलेला हा माणूस त्यांच्यानं बघवेना, म्हणून दार वाजवून त्यांनी अण्णांना हाताला धरून आणलं होतं. टीव्हीवर आइस हॉकीची जुनी मॅच लावून दिली होती. "तुझे वडील काय करायचे?" त्यांनी मला विचारलं. "पोलिसात होते?"

मी कबड्डीबद्दल सांगितलं. सात खेळाडू, रेषा, बाद होणं, श्वास. आणि अण्णा त्याचे पंच.

"अंपायर!" आजोबा म्हणाले आणि एकदम गंभीर झाले. मग उठून त्यांनी अण्णांसमोर हात पुढे केला, जणू आताच ओळख होत होती. "मीपण."

ते त्यांच्या गावच्या संघाच्या मॅचला गोल जज असायचे. गिरणीतून सुटलं की बर्फाच्या मैदानावर जायचं, जाळ्याच्या मागे काचेपलीकडे स्टुलावर बसायचं, आणि रबरी चकती रेषेच्या आत गेली की बटण दाबायचं. मग लाल दिवा लागतो आणि सगळ्या गावाला कळतं की गोल झाला. कित्येक वर्षं त्यांनी ते केलं होतं. मी हे अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी त्यांचा हात सोडलाच नाही.

"म्हंजे रेषेवरचं काम," ते म्हणाले. "अवघड असतंय त्ये. लोक पाठीवर असत्यात."

त्या दिवशी अण्णांनी आजोबांच्या प्रेसमधली, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटातली, अर्धा डबा बिस्किटं संपवली.

सांगलीकडे कुणालाही हाक मारायची ती "पाव्हणं" म्हणून. अण्णा आजोबांना तेच म्हणायला लागले. आजोबांना वाटलं हे आपल्यासाठी खास ठेवलेलं नाव आहे, म्हणून तेही खूश. फोनवर मुलीला स्वतःची ओळख ते "पाव्हनं स्पीकिंग" अशी करून द्यायचे. अण्णांना ते "अंपायर" म्हणायचे, आणि माझ्याशी बोलताना "युवर मॅन". इथे कुणाबद्दलही असंच बोलतात. "युवर मॅनला आज पोटॅटो केक आवडला."

अण्णा डिसेंबरात परत गेले. जानेवारीच्या शेवटी आजोबा माझ्या दारात आले. डोक्यावर टोपी नव्हती, पावसात भिजलेले.

"गेला," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांच्या नात्यातलं कुणी गेलं. मी त्यांना आत घेतलं, टॉवेल दिला. मग हळूहळू कळलं. त्यांच्या गावचा संघ गेला होता.

ते गाव ज्या लीगमध्ये खेळायचं ती दुसऱ्या पायरीची व्यावसायिक लीग होती. वरच्या मोठ्या लीगमधले श्रीमंत क्लब आपले तरुण खेळाडू तयार व्हायला या लहान गावांकडे पाठवायचे. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लबांना आपली पोरं खंडाच्या दुसऱ्या टोकाला ठेवणं आता गैरसोयीचं वाटत होतं. त्यामुळे येत्या उन्हाळ्यात ईशान्येचे काही संघ, त्यात आजोबांच्या गावचाही, उचलून पार कॅलिफोर्नियाकडे न्यायचं ठरलं. तिकडे नवा गट होणार होता. इकडे उरलेली गावं दुसऱ्या गटात घालणार होते. ईशान्य गट संपणार होता.

"खेळाडू जातात-येतात, ते ठीक आहे," आजोबा म्हणाले. "पण गटच? आम्ही कुणाशी भांडायचं आता?"

मी फोनवर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कारखाना आजारी पडला तवा सगळ्यात आदी कबड्डीचा संघ बंद केला. आठवतंय न्हवं तुला? खेळाडू गेलं दुसरीकडं. मैदान ऱ्हायलं. त्येचं काय करायचं ते कुनालाच कळंना." आणि मग, "पाव्हण्यांस्नी म्हनावं, लिहून काढा. मी आल्यावर बसू."

असा तो इतिहास सुरू झाला. २०१५च्या सप्टेंबरात अण्णा परत आले ते कामावर रुजू झाल्यासारखेच. सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, आणि चालले शेजारी. आजोबांकडे जुन्या मॅचची तिकिटं, कात्रणं आणि कार्यक्रमपत्रिकांची खोकी होती. त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात होतं. अण्णांचं इंग्रजी कचेरीतलं. लिहिता-वाचता उत्तम यायचं, बोलताना अडखळायचे. आजोबांचं क्लेअर आणि अमेरिका मिसळलेलं इंग्रजी मलाही कधी कधी कळायचं नाही. पण त्यांचं अडत नव्हतं. गावांची नावं अण्णांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःची नावं पाडली. आजोबांचं गाव कागदवाडी. जिथे बुटांचे कारखाने होते ते जोडेवाडी. सीमेपलीकडचं कॅनडातलं गाव पलीकडवाडी. आणि ज्यांच्याशी कागदवाडीचं हाडवैर होतं, ते नदीच्या खालच्या अंगाचं गाव, वैरवाडी.

रविवारी मी सगळ्यांसाठी पोहे करायची आणि आठवडाभरात दोघांनी लिहिलेलं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मला हॉकीतलं काही कळत नव्हतं. पण टाइप करता करता ती गावं मला दिसायला लागली. पाच गावांचा गट म्हणून सुरुवात झाली. सगळी नदीकाठची, सगळी गिरण्यांची, एका गावाहून दुसऱ्या गावी बर्फातून बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर. म्हणूनच तो गट झाला होता. दुसरं काही कारण नव्हतं. मग जोडेवाडीचे कारखाने बसले आणि त्यांचा संघ ऐन हंगामात मोडला. त्यांच्याशी झालेल्या सगळ्या मॅच कोष्टकातून वगळल्या गेल्या. त्यात कागदवाडीचे विजयही गेले. पलीकडवाडी आली, दोनदा अजिंक्य झाली आणि मालकानं संघ विकल्यावर निघून गेली. गटाचं नाव आधी उत्तर गट होतं, पुढे ईशान्य झालं. मधल्या काळात एक लांबचं मोठं शहर गटात घातलं गेलं. त्याबद्दल आजोबांच्या मनात तेव्हाही राग होता आणि आताही होता.

अण्णांचा एक नियम होता. एकट्या माणसाच्या सांगण्यावरून काही लिहायचं नाही. आजोबांना आठवतंय एवढं पुरायचं नाही. कात्रण हवं, नाहीतर दुसरा साक्षीदार हवा. मग आजोबा अमेरिकेत जुन्या सोबत्यांना फोन लावायचे आणि अर्धा तास हसून-ओरडून शेवटी म्हणायचे, "अंपायरला सांग, खरं आहे."

एकदा जोराचं बिनसलंही. संघ हलवणाऱ्या मालकांबद्दल आजोबांनी एक पान भरून लिहिलं होतं. अण्णांनी त्यावर शांतपणे काट मारली.

"पंचानं शिव्या लिहायच्या न्हाईत. काय झालं तेवढं लिहायचं."

"त्यांनी आमचं गाव मारलं, हेच झालं!" आजोबा ओरडले.

दोन-तीन दिवस अण्णा घरीच बसले. मग एका दुपारी दारावर टकटक झाली. आजोबा ब्राउन ब्रेड घेऊन उभे, तोंड फुगवलेलं. "शेवटचा हंगाम शेवटीच लिहू," ते म्हणाले. "तोवर माझं डोकं थंड होईल."

अण्णांनी त्यांना आत घेतलं आणि आल्याचा चहा टाकला. तेव्हापासून शेवटचा हंगाम मागेच ठेवलेला होता.

पुढच्या वर्षी दोघं बेलफास्टला गेले. या बेटावर व्यावसायिक आइस हॉकी बघायला मिळते ती तिथेच. आणि यातली गंमत अशी की मी जाऊ शकत नव्हते. मी इथे राहणारी, भारतीय पासपोर्टवरची. बेलफास्ट ब्रिटनच्या हद्दीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये, तिथे जायचं तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा हवा. अण्णांच्या व्हिजिटर व्हिसावर मात्र दोन्हीकडे चालेल असा शिक्का होता. अण्णांना याचा फार आनंद झाला.

"डॉक्टरला बंदी आन् म्हाताऱ्याला मोकळीक!" लिमरिकच्या स्टेशनवर गाडीत चढताना ते सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले. डोक्याला मफलर, पायात माझ्या नवऱ्याचे जाड मोजे, पिशवीत चिवडा आणि दशम्या. आजोबांनी गळ्यात कागदवाडीचा जुना, विटलेला स्कार्फ घातला होता.

दुसऱ्या दिवशी रात्री परत आले. जेवताना अण्णा नुसते बोलत होते. बर्फ किती पांढरा, खेळाडू किती वेगात, चकती दिसतच नाही, नुसता काठ्यांचा आवाज. मग आजोबा आपल्या घरी गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं रडलं गं."

"मॅच हरले म्हणून?"

"मॅच सुरू बी न्हवती झाली. आत पाय ठेवला, त्यो बर्फाचा गार वास आला, आन् तिथंच जिन्यावर बसलं. मानसं वलांडून जायला लागली. मी बी बसलो शेजारी. काय बोलनार? म्हनलं, पाव्हणं, मी हाय न्हवं." थोडं थांबून म्हणाले, "तुजी आई गेल्यावर मला कुनी असं बसू दिलं न्हाई. समदी म्हनायची, उठा, सावरा."

मी भात वाढायला वाकले होते, तशीच राहिले.

त्यानंतर आम्ही अण्णांना कायमचं इथे ठेवून घ्यायचा अर्ज केला. सांगलीचं घर आता रिकामंच होतं. भाऊ पुण्याला, त्याची नोकरी फिरतीची, त्याच्या दोन खोल्यांत अण्णांचा जीव रमायचा नाही. इथे त्यांना काम होतं, सोबती होता. पण हे कुठल्याच रकान्यात लिहिता येत नव्हतं. उत्तर आलं ते सभ्य भाषेत नकाराचं. भारतात मुलगा आहे, स्वतःची पेन्शन आहे, ते पूर्णपणे आमच्यावर अवलंबून नाहीत. नियमात बसत नव्हतं. तिथे बसलेल्या माणसालाही मी दोष देऊ शकले नाही.

अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं. मग येत-जात ऱ्हाऊ की."

आजोबांनी मात्र हे एवढ्यावर सोडलं नाही. इथे आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला शनिवारी जाऊन भेटता येतं, लोक गाऱ्हाणी घेऊन रांगेत बसतात. आजोबा सूट घालून, टाय लावून गेले. मी त्यांना गाडीनं सोडलं आणि बाहेर थांबले. दार अर्धवट उघडं होतं.

"तुमचे नातेवाईक आहेत का ते?" आतून लोकप्रतिनिधी बाईंनी विचारलं.

"नाही," आजोबा म्हणाले. "सहकारी आहेत. आमचं काम अपुरं आहे."

त्या बाईंनी मनापासून ऐकून घेतलं, पत्रही लिहिलं. नियम तोच राहिला.

२०१७च्या सप्टेंबरात अण्णा आले ते थकूनच. विमानतळावर त्यांनी व्हीलचेअर घेतली होती, हे मला आधी सांगितलं नव्हतं. जिने चढताना दम लागत होता, पाय सुजत होते. मी स्टेथोस्कोप लावला. पोरीसारखं नको, डॉक्टरसारखं ऐक, असं स्वतःला बजावत मी ऐकलं, आणि जे ऐकलं ते मला नको होतं. हृदय थकलं होतं. औषधं वाढवून, मीठ तोडून, आम्ही तीन महिने काढले. आता शेजारी जाण्याऐवजी आजोबाच इकडे यायचे. अण्णा आरामखुर्चीत, आजोबा समोर, मध्ये खोकी. शेवटच्या हंगामाच्या आधीच्या हंगामापर्यंत त्यांनी सगळं लिहून आणलं. त्या हंगामातली वैरवाडीशी झालेली शेवटची मॅच कागदवाडीनं जिंकली, तिथपर्यंत.

"आता एकच राहिला," आजोबा म्हणाले. "उद्या सुरू करू?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पुढच्याच आठवड्यात त्यांचं विमान होतं. घाईनं उरकण्यात त्यांना रस नसायचा.

"पाव्हणं," ते इंग्रजीत, शब्द जुळवत म्हणाले, "लास्ट सीझन, यू कीप. आय कम, वी राइट."

निघायच्या दिवशी आजोबा फाटकापर्यंत आले. दोघांनी हात मिळवले आणि मग दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटी आजोबांनी अण्णांचा मफलर नीट गुंडाळून कोटाच्या आत खोचला, लहान मुलाचा खोचतात तसा. गाडीत अण्णा बराच वेळ मागे वळून बघत होते.

त्यानंतर अण्णांना विमानप्रवासाची परवानगी कुठल्याच डॉक्टरनं दिली नाही. मीही दिली नसती. दर रविवारी मी व्हिडिओ कॉल लावून फोन आजोबांच्या हातात द्यायची. दोघांनाही फोनवर बोलता येत नसे. "हाऊ आर यू, पाव्हणं?" "ग्रँड, अंपायर. यू?" "ग्रँड." मग एकमेकांकडे नुसते बघायचे. आजोबा फोन इतका जवळ धरायचे की अण्णांना त्यांचं कपाळ तेवढं दिसायचं. तरी ते कॉल बंद करू द्यायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात, मी वॉर्डात राउंड घेत असताना, भावाचा फोन आला. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते. मी भावाला म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. त्यांना असं ताटकळत ठेवलेलं माझ्यानं बघवलं नसतं. मी आणि नवरा पोचलो तोवर सगळं झालं होतं. कृष्णेच्या घाटावर मी अस्थींचं मडकं हातात घेतलं. ते कोमट होतं की मला तसं वाटलं, अजून ठरवता येत नाही. इतकी वर्षं मी मृत्यूची वेळ लिहिते आहे, नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगते आहे. तिथे मला कुणीतरी बाजूला घेऊन सांगावं असं वाटत राहिलं.

दिवसकार्य करून आम्ही एनिसला परतलो. जाताना घाईत आजोबांना एवढंच कळवलं होतं की तातडीनं भारतात जातोय. टॅक्सी थांबली तेव्हा ते फाटकाशीच उभे होते. बहुधा रोजच उभे राहत असावेत.

"अंपायर कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी हातातली बॅग रस्त्यावर ठेवली. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. हळूच टोपी काढली आणि हात पुढे केला. इथे मयताच्या घरी प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, तुमच्यावर आलेल्या दुःखाचं वाईट वाटतं. ते वाक्य ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला, आणि मला कसं सुचलं कोण जाणे, तेच वाक्य मी त्यांना म्हटलं. घरच्या माणसाला म्हणतात तसं. तेव्हा त्यांचा चेहरा पिळवटला. आम्ही तिघं तिथे फाटकातच उभे होतो, बॅगा रस्त्यावर, टॅक्सीवाला इंजिन बंद करून थांबलेला.

त्या रविवारी गल्लीतले लोक आले. सँडविच, केक, चहाचे मोठे थर्मास. अण्णांना ज्यांनी फक्त रस्त्यानं जाताना बघितलं होतं तेही आले. घरचे लोक एका ओळीत खुर्च्यांवर बसतात आणि येणारा एकेकाशी हात मिळवत पुढे जातो. मी, माझा नवरा, आणि तिसऱ्या खुर्चीवर आजोबा. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी त्यांच्याशीही हात मिळवले. आपण कोण म्हणून बसलो आहोत ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटचा हंगाम त्यांनी लिहिला नाही. मी एकदा विषय काढला. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते, अण्णांसारखं कात्रणांशी ताडून बघू. त्यांनी मान हलवली.

"त्यात शिव्या येतील," ते म्हणाले. "आणि खोडायला कोणी नाही."

त्या हिवाळ्यात ते अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. बरे झाले, पण पूर्वीसारखे नाहीत. मुलगी अमेरिकेहून आली, महिनाभर राहिली आणि शेवटी त्यांना न्यायचं ठरलं. त्यांनी वाद घातला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मुलीला मी इतिहासाची फाइल पाठवली. तिनं ती तिकडे त्यांच्या गावच्या वाचनालयात दिली. पुढे तिथल्या ग्रंथपाल बाईंचा मला मेल आला, शेवटची काही पानं राहिली आहेत का म्हणून. मी कळवलं, नाही, इतिहास तेवढाच आहे.

२०१९च्या वसंतात मी त्यांना शॅननच्या विमानतळावर सोडायला गेले. मुलगी काउंटरवर बॅगा देत होती. आजोबा व्हीलचेअरवर, मांडीवर कोट. पुन्हा भेटू असं आम्हा दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. ते दचकले. त्यांना वाटलं माझं काही पडलं, म्हणून तेही वाकून जमिनीवर शोधायला लागले.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

मी नुसतीच त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसून राहिले, आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवून, अजूनही खाली बघत, शोधत होते. मग मुलगी आली आणि खुर्ची वळवून त्यांना आत घेऊन गेली.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होते. दुपारची ड्यूटी होती, म्हणून शेवटी निघाले.